दादा बेशुद्ध होता तेव्हा

हसू नका, भिया, ते आठवलं की मला अजून घाम फुटतो. माझा मोठा भाऊ कामाला होता त्या मिलच्या गेटला कायमचं कुलूप लागलं, त्याच दिवशी तो तिथेच चक्कर येऊन पडला. दवाखान्यात नेलं, पण दादाला शुद्ध काही येईना.

त्याचा मित्र सुधीर कॉलेजात फिलॉसफी शिकवायचा. खाटेपाशी उभा राहून म्हणाला, "पाश्चात्त्य लोक म्हणतील, मेंदू बंद म्हणजे आत कोणीच नाही. आपला वेदान्त म्हणतो, गाढ झोपेतही साक्षी जागाच असतो."

वहिनी घाबरून माझ्याकडे वळली. "म्हणजे हे ऐकतायत का, भावजी? सीधा सांगा ना!"

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले ना, त्याला काहीच कळत नाही म्हणून."

मग आम्ही तिथेच बोलत बसलो. दादा गेलाच तर वहिनीने माहेरी जायचं की माझ्याकडे राहायचं, इथपर्यंत.

संध्याकाळी दादाने डोळे उघडले. वहिनी रडायलाच लागली. तो मात्र माझ्याकडेच बघत होता.

"हिला माहेरी पाठवायला निघालास?" आवाज जेमतेम निघत होता त्याचा. "अरे, मी आहे, मी आहे, म्हणून केवढा ओरडत होतो मी! तुमच्यातल्या एकानेही वळून बघितलं नाही."