मालक कोण, तुम्हीच सांगा

...आणि वर ते कुत्र्याचे मास्तर मलाच म्हणतात, ‘आजोबा, कुत्र्याला मालक कोण ते कळलंच पाहिजे.’ तुम्हाला सांगतो, पंचेचाळीस वर्षं संसार केला, ते अजून मला कळलेलं नाही, त्या मुक्या जिवाला कुठून कळणार? झालं काय, सूनबाई त्याचं भांडं उचलायला गेली, हा गुरगुरला, आणि मुलानं फर्मान काढलं, ‘बाबा, रविवारपर्यंत सुधारला तर ठीक, नाहीतर आणला तिथं परत पाठवणार.’ मग आले कुत्री शिकवणारे मास्तर. गळ्यात शिट्टी, पोट पुढे. ‘तो स्वतःला टोळीचा म्होरक्या समजतोय. त्याच्या आधी तुम्ही खा. दारातून आधी तुम्ही जा. गुरगुरला की उताणा पाडा आणि डोळ्यांत बघा.’

आपण हुकमाचे ताबेदार. कवळी सांभाळत त्याच्याच भांड्यातलं बिस्कीट खाल्लं... वाईट नव्हतं हो, मीठ जरा कमी. तो बघत राहिला, अगदी आमच्या हिच्याच नजरेनं. आता यात मालक कोण, तुम्हीच सांगा.

शनिवारी खाताना परत गुरगुरला. घरात मी एकटा. वाकलो, त्याला धरला, आणि कंबरेत अशी उसण भरली की मीच उताणा! वर तो, खाली मी, आणि डोळ्यांत बघतोय तो. म्हटलं, संपलं, मास्तरांच्या शास्त्राप्रमाणे आजपासून टोळी याची. तर हा शेजारी पसरला, हनुवटी माझ्या छातीवर ठेवली, सुस्कारा सोडला... आणि तासभर हलला नाही. मी दोनदा दवाखान्यात पडलो, इतकं जवळ कुणी बसलं नव्हतं. जांभई दिली तेव्हा दिसलं, मागची दाढ मोडलेली, हिरडी सुजून लालभडक. एवढा ठणका सोसत होता, पण चावला कुणाला नाही, नुसतं सांगत होता. टोळी कसली आणि म्होरक्या कसला...

संध्याकाळी डॉक्टरांनी दाढ काढली. रविवारी सूनबाईनं भांडं उचललं, तर शेपूट हललं. राहिला घरात! मास्तर म्हणतात, ‘बघा, दाखवलंत ना त्याला मालक कोण?’

‘हो तर,’ म्हटलं, ‘आडवं पडून दाखवलं.’

रात्री हिला म्हटलं, ‘अगं, मीही इतकी वर्षं या घरात गुरगुरतोय, माझ्या तोंडात कुणी कधी डोकावलं नाही.’

ही म्हणाली, ‘डोकावायचं कशाला? कवळी रोज पेल्यातच तर असते.’