पाच वाजता पडणारी रात्र

…आणि वर मलाच म्हणतो, फ्रिज उघडू नकोस! का? तर फ्रिजमध्ये दिवा लागतो! तुम्हाला सांगतो, जुलै महिना, बाहेर लख्ख ऊन, बेल्जियममधलं आमचं अख्खं फ्लँडर्स अंगणात बसून बिअर पितंय आणि आम्ही झडपा लावून घरात चाचपडतोय, कारण आमच्या सिरिएल आजोबांची कबुतरं वर झोपलीत! कबूतरखाना स्वयंपाकघराच्या डोक्यावर, मधल्या फळ्यांना या एवढाल्या फटी, त्या बुजवायच्या सोडून म्हातारा जिन्यावरून ओरडणार, "दिवा बंद!" आजी म्हणते, "अहो, सशाच्या रश्शात मीठ पडलं की साखर, ते तरी बघू द्या!" "चाखून बघ! दिवा बंद!"

आता शर्यतीच्या कबुतरांना काळोख देतात, मान्य. आमच्याकडे सगळेच देतात. दिवस लांबला की कोवळी कबुतरं पिसं झाडायला लागतात, आणि पंखात भगदाड पडलेलं कबूतर काय डोंबल जिंकणार? म्हणून वसंतात संध्याकाळी पाचलाच झडपा पाडायच्या, त्यांना लवकर रात्र दाखवायची. पण जूनमध्ये उघडायच्या ना! सगळं गाव उघडतं, शेजारचा एमे उघडतो, म्हणून तर दरसाल तोच जिंकतो! मी म्हटलं, "आजोबा, कबुतराच्या मेंदूत दाण्याएवढी गाठ असते. काळोख पडला की ती मेलाटोनिन सोडते, रात्र झाली म्हणून शरीराला सांगणारा रस. उजेड तिला कवटीतून कळतो आणि तो पडला की रस आटतो. पण तिच्या आत घड्याळही असतं, आणि ते हट्टी असतं! रोज पाचला रात्र दाखवलीत, तर उद्या उन्हातही ते पाचला रात्रच वाजवेल!"

"कॉलेज पुरं केलं असतंस तर ऐकलं असतं."

घ्या! जनावरांची डॉक्टरकी मी अर्ध्यात सोडली ती कोणासाठी? याच्याच कबुतरांसाठी! आणि हा काय म्हणतो? "यंदा एमेच्या आधी आपलं कबूतर आलं तर ठीक, नाहीतर सगळी विकतो, आणि तू बस पुन्हा वर्गात जाऊन. दिवा बंद!"

आला शर्यतीचा शनिवार. फ्रान्समधून सकाळी सोडलेली कबुतरं दुपारी यायची, पण समोरून वारा, आकाश कोरंच्या कोरं. आम्ही अंगणात खुर्च्या टाकून माना वर करून बसलेलो. पाच वाजत आले तशी आजीची मान पडली, मागोमाग आजोबांची. पडणारच! चार महिने काळोखात काय नुसती कबुतरंच राहिली होती? आणि तेवढ्यात… आली! आमची निळी! एमेच्या आधी, अख्ख्या गावाच्या आधी! उतरली छपरावर. आता नुसतं दारातून आत पाऊल टाकायचं, पायातल्या कड्याची नोंद झाली की जिंकलो; छपरावर बसलेलं कबूतर कोणी हिशेबात धरत नाही. मी दाण्यांचा डबा खुळखुळवला. "ये गं निळे, ये बाई…" बाईंनी एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, पिसं फुगवली आणि मिटला की हो! भर उन्हात! मी म्हाताऱ्याला गदागदा हलवलं, "आजोबा, उठा, निळी आलीय!" तर हा डोळे मिटूनच म्हणतो, "दिवा बंद!"

एमेचं कबूतर आलं, तुरुतुरु आत गेलं. एमे कुंपणावरून ओरडला, "सिरिएलकाका, तुमची आधी आली होती वाटतं! मुक्कामाला थांबलीय का?"

त्या आवाजाने आजोबा जागे झाले. मी म्हटलं, संपलं, आता कबुतरं विकणार, मी वर्गात. म्हाताऱ्याने एमेकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, आणि चेहरा असा फुलला म्हणता, जणू कप घरात आला!

"बघ! भर उन्हात झोपली! पंचक्रोशीत कोणाचा काळोख एवढा मुरलाय? विकतोय कशाला! पुढच्या वर्षी चारलाच झडपा पाडू!"

चारला! चार महिन्यांचं साचलेलं सगळं एकदाचं सुनावावं म्हणून मी तोंड उघडलं… आणि तुम्हाला सांगतो, जांभईच आली.