बुजवलेली भोकं

युएझेन : पुढचं दार सोडून मागे कालव्याच्या पायऱ्यांना होडी लावलीत, ताओसाहेब? शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून? आणि वर सहा खेकडे. काम मोठं दिसतंय. यांना बागेच्या नोकरीतून काढलंत तेव्हा चहासुद्धा पाजला नव्हता तुम्ही.

ताओ : काढलं कुठे, काकू? निवृत्त केलं. वय झालं होतं.

युएझेन : माणसाचं वय झालं की घरी पाठवायचं, दगडाचं झालं की तिकीट लावायचं.

शेन : खेकडे आत ने तू. बोला साहेब, बागेत काय बिघडलं?

ताओ : बिघडलं असं नाही, उस्ताद. तळ्याकाठचा तो उंच दगड, भोकाभोकांचा. फोटोसाठी एका बाईने त्यात डोकं घातलं, ते अडकलं. काढायला तास लागला. म्हणून मी भोकं बुजवून घेतली.

शेन : कशाने?

ताओ : सिमेंटने. रंग अगदी जुळवून. सांगितल्याशिवाय कळणार नाही.

शेन : कधी?

ताओ : काल दुपारी.

युएझेन : या बागांच्या सुचौतच जन्मलात ना, साहेब? की शांघायला शिकायला गेलात तेव्हा तेवढं विसरून आलात?

शेन : समोरच्या खिडकीत बसलं की त्या भोकांतून पलीकडचे बांबू दिसतात. त्यासाठी तो उभा केलाय.

ताओ : उद्या जुन्या बागांची तपासणी करणारी समिती येतेय. त्यांच्यातले म्हातारे तज्ज्ञ दगडाच्या पायथ्याशी उदबत्ती लावतात म्हणे. धूर प्रत्येक भोकातून निघाला तर दगड खरा. आज सकाळी मी लावून पाहिली.

शेन : मग?

ताओ : सगळा धूर माझ्या तोंडावर आला.

युएझेन : दगडाला माणसाची पारख आहे.

ताओ : उस्ताद, हा कागद बघा. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत तुमच्या गुरूंनी, वेइ उस्तादांनी, ही भोकं बुजवली, असं लिहिलंय. तेव्हाचे तुम्ही एकटेच उरलात. साक्षीदार म्हणून खाली सही करा. सोमवारपासून परत कामावर या. रोज सकाळी बागेत येऊन बसता, पहारेकऱ्याने सांगितलंय मला.

युएझेन : त्याच पहारेकऱ्याने परवा यांना बाकावरून उठवलं. लोकांच्या फोटोत येतात म्हणाला.

शेन : वेइ उस्तादांचं नाव तर चांगलं ठळक लिहिलंत.

ताओ : त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. आता त्यांना काय त्रास व्हायचाय?

शेन : सांस्कृतिक क्रांतीत मी सोळा वर्षांचा होतो. जुनं ते सगळं फोडायला पोरं हातोडे घेऊन निघाली होती. ती यायच्या आत उस्तादांनी हा दगड तळ्याच्या गाळात आडवा निजवला. पोरांनी विचारलं, मारलं, दोन बोटं मोडली. उस्ताद बोलले नाहीत. दहा वर्षांनी दगड वर काढला, तेव्हा एकेका भोकातला गाळ आम्ही बांबूच्या काडीने काढला. ओरखडा नको म्हणून.

युएझेन : त्या हातोडेवाल्यांनासुद्धा सिमेंट सुचलं नव्हतं.

ताओ : माझी जागा जाईल, उस्ताद.

शेन : जाईल कदाचित. माझी मलाही हवी होती. पण हा कागद परत घ्या. कालचं सिमेंट आत अजून कच्चं असेल. आत्ता निघालो तर संध्याकाळपर्यंत दोन-तीन भोकं मोकळी होतील. उरलेल्यांचं तुम्ही समितीला सांगायचं.

ताओ : काय सांगू?

शेन : ‘मी बुजवली’ म्हणायचं. लहान वाक्य आहे.

युएझेन : खेकडे मात्र राहू देत. त्यांनी कुणाचं काही बुजवलेलं नाही.

ताओ : (कागद घडी करून खिशात घालत) छिन्नी एकच आहे का तुमच्याकडे?

शेन : दोन आहेत. तुम्ही माझी घ्या. वेइ उस्तादांची तुमच्या हातात नाही द्यायचो.