वेशीतला खांब

नाही नाही, तुम्ही बसा हो — मी उभाच बरा, बसलो की मला नको नको ते सुचतं. काय सांगत होतो? हां, नियम. निळी गाडी येईल, आमच्या मुलीची, आणि ती कितीही गोड बोलली तरी तुम्ही कळ दाबून हा रस्ता अडवणारा खांब जमिनीत उतरवायचा नाही. का? कारण तटाच्या आत राहणारं कुणीतरी वेशीपर्यंत येऊन ‘ही गाडी आमची’ म्हणाल्याशिवाय पाहुण्यांची गाडी आत सोडायची नाही — मीच सुचवलं होतं ते, समितीत. म्हटलं, एवढी पायपीट कोण करतंय, लोक गाड्या बाहेरच ठेवतील. ठेवल्या की! गल्लीत आता चिमण्या ऐकू येतात — म्हणजे मला येतात. बायको म्हणते, तुम्हाला काय, तुम्हाला तुमचंच भाषण ऐकू येतं.

हसू नका. खरंही असेल तिचं. जन्मभर शहरांची वाहतूक शिकवली मी, पण घरातल्या माणसाचे गुडघे — ते कुठल्या नकाशात असतात? हिवाळ्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. म्हणजे वेशीशी येऊन बोलणारा मी एकटाच — आणि मी बोलणार नाही. इथेच उभा राहीन, पण तोंड उघडणार नाही. मग? मग मुलगी चिडेल, परत जाईल — चिडू दे. आईला चार दिवस नेते म्हणते. चार दिवसांसाठी कुणी शिवणयंत्र बांधून ठेवतं का हो? मी विचारलं नाही. विचारलं आणि तिने खरं सांगितलं तर?

आली बघा. निळीच. वाजवू दे भोंगा. तुम्ही माझ्याकडे बघू नका, मी आपला ऊन खातोय — तिकडे काय दाखवताय? कोण, भिंतीला धरून? छे, बायको नव्हे, तिला जमणारच — अरे देवा. काठीसुद्धा नाही हातात. थांबली. बसली, लोकांच्या पायरीवर बसली. हात कशाला हलवतेय? ‘आमची’ म्हणत असेल, दुसरं काय! नाही चालणार, वेशीपर्यंत यायला हवं, नियम आहे — उठतेय. उठतेय ती परत, अहो, पडेल! खाली घ्या तो खांब! मी म्हणतोय ना — आमची आहे गाडी, आमचीच. सोडा तिला आत. आणि माझ्याकडे काय बघताय, खांबाकडे बघा.