श्वेयीला भेटायला गेलो

...आणि मला म्हणते, "आजोबा, रेघेच्या मागे उभे राहा, जंगली जनावर आहे ते." आता तुम्हीच सांगा, यावर माणसानं काय बोलावं? अहो, एकतीस वर्षं, एकतीस वर्षं त्याच हत्तिणीच्या मानेवर बसलोय मी! बागोच्या डोंगरात तिच्याकडून सागाचे ओंडके ओढवून घेतलेत, माझं तोंड बायकोला जेवढं माहीत नसेल तेवढी माझी टाच श्वेयीच्या कानामागच्या कातडीला माहीत, आणि ही कालची पोर, गालांना तनाखाच्या सालीचा उगाळलेला लेप, हातात भोंगा, मला म्हणते रेघेच्या मागे!

बरं, तिची तरी काय चूक? थिरी तिचं नाव, प्राणिसंग्रहालयात लोकांना हत्तींची माहिती सांगते बिचारी. झालं असं, की सागाची तोड थांबली, सरकारनं श्वेयीला पाठवलं शहरात आणि मला घरी. त्याला झाली चार वर्षं. परवा मुलगी सहज बोलून गेली, "बाबा, ती आता विसरली असेल तुम्हाला." विसरली असेल! तेव्हापासून तुम्हाला सांगतो, घास गोड लागेना. म्हटलं, जाऊन बघूनच येतो. ओळखते की नाही, एवढंच बघायचं होतं हो... दुसरं काही नाही.

तर तिथं आधी शाळा! सोंडेत हाड नसतं, आपल्याकडच्या हत्तींचे कान आफ्रिकेतल्यांपेक्षा लहान असतात, सगळं भोंग्यातून. मग म्हणे, सांगा बघू, हत्ती दिवसाला किती खातो? मी हात वर केला. विचारलं, बाई, कुठला हत्ती, कामावरचा की रजेवरचा? गाभण की दाढ दुखणारा? तेवढ्यात पुढची एक चिमुरडी म्हणाली दीडशे किलो, आणि तिला कागदाची टोपी मिळाली. एकतीस वर्षं माझी, आणि टोपी तिला! पाटीवर लिहिलंय, आवडता खाऊ ऊस. ऊस ती आपली समोर आला म्हणून खाते हो! जीव टाकते ती मीठ घालून मळलेल्या चिंचेवर. लुंगीच्या घडीत गोळा नेला होता, तो दारावरच काढून घेतला... पोट बिघडेल म्हणे तिचं.

आणि ती? सिमेंटवर उभी. डोकं डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे... लोक म्हणतायत, बघा बघा, नाचतेय! डोंगरात ती कधी अशी नाचली नाही. हाक मारली, "श्वेयी." काही नाही. पुन्हा मारली. कानसुद्धा हलला नाही.

मग मात्र राहवलं नाही. रोज सकाळी तिच्यावर चढायच्या आधी द्यायचो तो बसायचा हुकूम दिला, पोटातून, "ह्मिट!" आणि डोलणं थांबलं... आणि तुम्हाला सांगतो, बसली! आधी मागचे पाय, मग पुढचे, अगदी रीतसर. मीही कधी रेघ ओलांडून कठड्याशी उकिडवा बसलो, कळलंच नाही. डोळ्यांना धार लागली. थिरीला म्हटलं, "बघ पोरी, ओळखलं मला."

तिनं भोंगा खाली केला. हळूच म्हणाली, "आजोबा, हा शब्द कुणीही म्हटला तरी ती बसते. गुडघे गेलेत तिचे, म्हणून आम्ही इथं तो काढतच नाही."

कुणीही... खरंच की. मीच नाही का शिकवलं! मला ताप आला तर दुसऱ्या माहुताचं अडायला नको, म्हणून कुणीही सांगितलं तरी बसायचं, हे मीच घोटून घेतलं. एकतीस वर्षं घोटून घेतलं. इतकं पक्कं, की त्यात माझा काही संबंधच उरला नाही.

उठायचा हुकूम दिला. तिनं जोर लावला, पुढचे पाय थरथरले, पुन्हा खाली. तिला धरावं म्हणून मी उठायला गेलो, तर माझेही गुडघे कुठले ऐकतायत? बसलोय आपले दोघं समोरासमोर! तेवढ्यात तिला उचलायचे पट्टे घेऊन आठ जण धावत आले. मी हात वर केला, म्हटलं बाबांनो, जरा हात द्या... सगळे मला वळसा घालून तिच्याकडे गेले. बरोबरच आहे म्हणा. लोक तिकीट तिच्यासाठी काढतात... मीसुद्धा तिच्यासाठीच काढलं होतं.