सूनबाईच्या बीपीचा अंदाज

...न्हाई, तुमीच सांगा, आमच्या बीड जिल्ह्यात अंदाजावर कुणी इसवास ठिवावा? रेडू म्हणतो 'जोरदार पाऊस', आन आमी टँकरमागं घागरी घिऊन पळतोय! मी अर्जुनराव, गावच्या दूध सोसायटीचा चेरमन. तुमाला सांगतो, जिभेला हाड नसतंय तसं अंदाजालाबी हाड नसतंय!

तर आमची सून शिवकन्या. आठवा म्हैना. पाय सुजलेले, त्वांड भरलेलं. शेजारची छबुबाई म्हणती, "काय तेज आलंय गं बाई! पोरगाच हुनार!" म्या लई खूश. पन पाटोद्याच्या डाक्टरीनबाईनं दंडाला पट्टा बांधला, फुस्स-फुस्स केलं आन म्हणती, "तेज कसलं काका, सूज आहे ही! बीपी वाढलंय, लघवीतून प्रोटीन जातंय, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणते. हिला झटके येऊ शकतात. आई, बाळ, दोघांना धोका. आत्ताच बीडला न्या!"

'येऊ शकतात' म्हंजी? अंदाजच की! म्हणलं, "बाई, दुसऱ्या दंडाला लावून बघा." सोसायटीत फॅट कमी लागली की आमी दुसरा नमुना मागतोच! बाईनं लावलं. तेवढंच! म्हणलं, "जरा थांबून परत एकदा..." तवा आमची कारभारीन सिंधुबाई उठली, "ओ चेरमन! सून हाय ही, म्हशीचं दूध न्हाई!" आन दारात हुबा असलेल्या सोसायटीच्या टेम्पोतले कॅन खाली काढून सूनबाईला निजवलं बी! मी मागं उरलेल्या एका कॅनावर बसलेला, अंदाजाला हाड नसतंय म्हणतोय... पन खरं सांगू? दर वळनाला डायवरला 'जोरात हाक' म्हणून वरडत बी हुतो.

बीडात इंजेक्शनं झाली, आपरेशन झालं. नात आली हो! एवढीशी, पन आवाज कसला! शिवकन्या ठणठणीत.

घरी येताना पाटोद्याला पेढे घिऊन गेलतो. छाती फुगवून म्हणलं, "बघा बाई, आला का झटका? चुकला का न्हाई अंदाज!" सिंधुबाई कडाडली, "त्यो अंदाज आदी कळला म्हणून औशद आदी गेलं, म्हणून झटका आला न्हाई! हाड बघायचंय तर 'पोरगाच हुनार' म्हणनाऱ्या त्या छबुबाईच्या अंदाजाला हाय का बघा!"

हात जोडले. म्हणलं, "बाई, अख्ख्या जिल्ह्यात खरा अंदाज तुमचाच. आता तेवढं पावसाचं बी सांगा की!"

बाई पेढा खात म्हणती, "सांगते ना. एक ढग आणा, पट्टा बांधून बघते."

...घ्या! आता ढग कुठनं आनू?