अथमानच्या गाढवाची तहान

लामू बेटावरच्या गाढवांच्या दवाखान्याबाहेर मी माझं लंगडं शिंगरू धरून बसलो होतो. शेजारच्या बाकावर दगड वाहणारा अथमान आणि त्याची म्हातारी शेजारीण म्वानाते.

"गाढवाचं औषध बंद केलं ना रे डॉक्टरीणबाईंनी?"

"केलं, आत्या. म्हणाल्या, डोक्यात दगड पडला तेव्हा मेंदूतून खाली उतरणारे तंतू तुटले. त्यांच्या टोकांतून जो रस रक्तात जातो, त्यानेच पाणी अंगात टिकतं. तो थांबला, म्हणून ते सारखं मुतायचं. आणि मुतायचं, म्हणून प्यायचं."

"आणि तू उलटं समजून त्याचं पाणीच तोडलंस."

"शिस्त लावली! म्हणून तर तगलं."

"बरं बाबा. आता काय म्हणतात?"

"तंतू परत फुटलेत. धक्का मोडला की आपल्या होड्या त्याच्या अलीकडेच माल उतरवतात ना, तसं तुटल्या जागेच्या वरच नवं कोठार झालंय म्हणे, तिथूनच रस रक्तात जातो."

"मग तोंड पाडून का बसलायस?"

"दुखणं उलटलंय गं. रोज संध्याकाळी तुझ्या भिंतीपाशी जाऊन उभं राहतं, आजारात राहायचं तस्संच. तहान लागत असणार."

"तहान नाही ती."

"तुला काय ठाऊक?"

"तू पाणी तोडलंस तेव्हा भिंतीवरून बादली कोण सोडत होतं?"

"आत्या!"

"ओरडू नकोस, गाढवं बुजतील."

"आणि आता? अजून सोडतेस बादली?"

"सोडून बघितली. तोंडही लावत नाही. माझ्या हातचा खजूर खातं आणि जातं."